शाळेच्या गेटसमोरची वीस मिनिटं: नाशिकमधल्या नव्या पालक-प्रतिनिधींसाठी

शाळेच्या परिवहन समितीत किंवा पालक-शिक्षक संघात यंदा तुमचं नाव नव्यानं आलं असेल, तर जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात तुमच्यापर्यंत एक वाक्य येईल: "गाडी लावायला जागाच नाही हो." मीही तिथूनच सुरुवात केली होती. समितीतलं माझं पहिलं वर्ष जागा शोधण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एका दुपारी शाळा सुटली आणि पाचवीतला एक मुलगा उभ्या व्हॅनच्या पुढून एकदम रस्त्यावर आला. समोरून येणाऱ्या स्कूटीवरच्या ताईंनी करकचून ब्रेक दाबला, गाडीचं चाक त्याच्या दप्तराला टेकून थांबलं. कुणाला खरचटलंही नाही. पण तो मुलगा रस्ता का बघू शकला नाही याचा विचार करताना लक्षात आलं, की वर्षभर आम्ही गाड्यांची सोय बघत होतो. गेटमधून बाहेर पडणाऱ्या मुलाला रस्ता दिसतो का, हे कुणीच बघितलं नव्हतं.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये क्रम एकच ठेवला आहे. आधी चालत येणारं मूल, मग सायकल, मग बस-व्हॅन-रिक्षा, मग दुचाकी आणि सगळ्यात शेवटी कार. कुठं अडलात, दोन पर्यायांमधला कोणता घ्यावा असा प्रश्न पडला, तर या क्रमाकडे परत या.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त मोजा

बैठक बोलावण्याआधी, फलक लावण्याआधी, कुणाशी वाद घालण्याआधी मोजणी करा. शाळा भरण्याआधीची वीस आणि भरल्यानंतरची दहा मिनिटं, तसंच सुटण्याआधीची वीस आणि सुटल्यानंतरची वीस मिनिटं. त्या आठवड्यातले तीन दिवस पुरेत, पण त्यात एक सोमवार हवा आणि एक पावसाचा दिवस हवा. पावसात रोज स्कूटीवर येणारे कितीतरी पालक कार काढतात आणि चालत येणारी मुलंही गाडीत बसून येतात. कोरड्या दिवसाची मोजणी घेऊन केलेलं नियोजन पहिल्या सरीत कोलमडतं.

वहीत दर पाच मिनिटांचा एक रकाना करा आणि रेघा मारत जा: चालत आलेली मुलं, सायकली, बस, व्हॅन, रिक्षा, दुचाक्या, कार. चालत येणाऱ्यांचा रकाना पहिला ठेवा, कारण एरवी तोच कुणी भरत नाही. शिवाय प्रत्येक प्रकारची गाडी सरासरी किती वेळ थांबते तेही घड्याळ लावून बघा. सकाळी सोडताना आणि दुपारी नेताना यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सकाळी दुचाकी अर्ध्या मिनिटात निघून जाते. दुपारी तीच दुचाकी शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी येऊन झाडाच्या सावलीत उभी राहते. म्हणजे सकाळचा प्रश्न वाहनं किती वेगानं पुढं सरकतात याचा आहे आणि दुपारचा प्रश्न थांबायच्या जागेचा. दोन्हींना एकच उपाय लावू नका.

मग आलेखाच्या मोठ्या कागदावर शाळेभोवतीचा दोन-तीनशे मीटरचा नकाशा काढा. रस्त्याची रुंदी टेपनं मोजून लिहा. झाडं, विजेचे खांब, रोहित्र, उघडी गटारं, कचऱ्याचा कोपरा, सिटीलिंक शहर बसचा थांबा, वडापावची गाडी, सोसायट्यांची गेटं, दवाखाना, सगळं दाखवा. आपल्या शहरात आणखी तीन गोष्टी हटकून बघायला हव्यात. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात शिकवण्यांच्या वेळा शाळा सुटण्याच्या वेळेवर येऊन आदळतात. सातपूर, अंबडच्या बाजूला कंपन्यांच्या शिफ्ट बदलतात तेव्हा कामगारांच्या बस त्याच रस्त्यावर असतात. आणि जवळ मंगल कार्यालय किंवा लॉन्स असेल, तर दाट लग्नतिथीच्या दिवशी दुपारी वरात नेमकी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी नाचत असते. पंचांग बघून त्या तारखा आधीच वहीत लिहून ठेवा, कार्यालयाच्या व्यवस्थापकांना भेटून ठेवा. आम्ही भेटलो तेव्हा ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर वरात अर्धा तास मागं घेतली असती."

दुसरी पायरी: समितीत कोण हवं

महाराष्ट्रात स्कूल बसविषयीचे नियम २०११ साली आले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तीत पालकांचा प्रतिनिधी, पोलीस आणि परिवहन विभागाचे अधिकारी, शिक्षण विभाग, स्थानिक स्वराज्य संस्था, बसचालकांचा प्रतिनिधी असे लोक येतात. पुष्कळ ठिकाणी ही समिती कागदावर असते आणि वर्षातून एकदा सह्या होतात. तुमच्या शाळेत तसं असेल तर नवी समिती काढत बसू नका, आहे तीच जागी करा. तिला कायद्याचा आधार आहे, तिच्या ठरावाला पोलीस आणि महापालिका दोघंही दाद देतात. अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत असाल तर शाळा व्यवस्थापन समितीलाही सोबत घ्या.

नियमात नसलेली पण माझ्या मते अत्यावश्यक अशी तीन माणसं बैठकीला बोलवा: गेटवरचे वॉचमन काका, रिक्षा-व्हॅनवाल्या काकांपैकी ज्यांचं बाकीचे ऐकतात असे एक जण, आणि समोरच्या सोसायटीचे सचिव. गेटवर रोज काय होतं ते वॉचमनना मुख्याध्यापकांपेक्षा जास्त माहीत असतं. सोसायटीवाले रोज आपल्याच फाटकात अडकलेले असतात, ते आधीच चिडलेले असतात आणि त्यांचं चिडणं रास्त असतं. त्यांना पहिल्या बैठकीत बोलू द्या, मध्ये तोडू नका. आमच्याकडे सोसायटीच्या आजोबांनीच पुढं त्यांच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटचा पर्याय सुचवला.

तिसरी पायरी: गेट मोकळं करा

एवढी एकच पायरी जमली तरी पुष्कळ झालं.

गेटच्या दोन्ही बाजूंना निदान पंचवीस-तीस मीटर एकही वाहन थांबता कामा नये. मुख्याध्यापकांचंही नाही, विश्वस्तांचंही नाही, "दोनच मिनिटं" थांबणाऱ्याचंही नाही. कारण साधं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाची उंची उभ्या कारच्या टपापेक्षा कमी असते. दोन उभ्या गाड्यांच्या मधून ते बाहेर येतं तेव्हा त्याला चालक दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. आता वेगाचा हिशोब करा. ताशी चाळीस किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढं जाते. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एखादा सेकंद गेलेला असतो, म्हणजे गाडीनं ब्रेक लागायच्या आतच अकरा मीटर कापलेले असतात. ताशी वीसच्या वेगाला हेच अंतर साडेपाच मीटर होतं. मूल लांबून दिसलं आणि वेग कमी असला, तर चूक झाली तरी सावरता येते. गेटसमोर उभी असलेली प्रत्येक गाडी ही संधी हिरावून घेते.

हे पाळायला लावण्यासाठी पहिले पंधरा दिवस दोरी आणि प्लास्टिकचे कोन पुरतात. पट्टे रंगवायची घाई करू नका, जागा थोडी इकडं-तिकडं करावी लागते. फलकावर "पार्किंग मनाई" एवढंच लिहिण्यापेक्षा "इथून मुलं रस्ता ओलांडतात" असं लिहिलेलं जास्त परिणाम करतं, असा आमचा अनुभव आहे.

शाळेला दोन गेटं असतील तर एक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवा. एकच असेल तर त्यातलं छोटं फाटक मुलांसाठी, मोठं वाहनांसाठी, आणि मध्ये लोखंडी कठडा किंवा निदान घट्ट ताणलेली दोरी. मैदानात बस आत येत असतील तर मुलं आवारात असताना बस मागं घ्यायची नाही, हा नियम लेखी करा. बस एका बाजूनं आत येऊन वळसा घालून दुसरीकडून बाहेर पडत असेल तर उत्तम. तेवढी जागा नसेल तर मुलं आत यायच्या आधीच बस तोंड बाहेर करून लावून ठेवायला सांगा. मागं घेणाऱ्या बसच्या चालकाला मागच्या चाकाजवळचं लहान मूल आरशात दिसतंच असं नाही.

चौथी पायरी: जागेचा हिशोब, गुंठ्यांत

आता पार्किंग. इथं थोडं गणित करावं लागेल, पण हेच गणित बैठकीतले अर्धे वाद मिटवतं.

बांधकाम नियमावलीत कारची एक जागा अडीच बाय पाच मीटर धरतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीची एक बाय दोन, म्हणजे दोन चौरस मीटर. एका कारच्या जागेत सहा दुचाक्या बसतात. समजा तुमच्या एका सत्रात सुटण्याच्या वेळी १८० दुचाक्या आणि ५० कार येतात. दुचाक्यांना ३६० चौरस मीटर, कारना ६२५, मिळून जवळजवळ हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठे. त्यात गाडी आत-बाहेर काढायच्या वाटा धरल्या की दुप्पट होतं: वीस गुंठे, अर्धा एकर. कॉलेज रोड, इंदिरानगर किंवा सिडकोत शाळेशेजारी अर्धा एकर मोकळा मिळणार आहे का? नाही. म्हणजे "जागा शोधा" हे उत्तरच असू शकत नाही. उत्तरं तीन उरतात: एका वेळी येणारी वाहनं कमी करा, त्यांचा थांबण्याचा वेळ कमी करा, किंवा त्यांना लांब थांबवा. तिन्ही थोडी थोडी करावी लागतात.

वेळा विभागणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय काढला, त्यानंतर कितीतरी शाळांत लहान आणि मोठ्या वर्गांची गर्दी आपोआप वेगळी झाली. मात्र नऊची वेळ ऑफिसच्या गर्दीत मिसळते, तेव्हा तुमच्या रस्त्यावर ती कशी पडते ते मोजून बघा. सुटताना दोन-दोन इयत्ता दहा मिनिटांच्या अंतरानं सोडल्या तरी वरच्या उदाहरणातले १८० दुचाकीस्वार साठ-साठच्या तीन लाटांत येतात. भावंडं वेगवेगळ्या इयत्तांत असली की पालक नाराज होतात. त्यासाठी धाकट्याला मोठ्याच्या वेळेपर्यंत वर्गात बसवून ठेवायची सोय शिक्षकांशी आधी बोलून करा, नाहीतर सगळे पालक पहिल्याच लाटेत येऊन उभे राहतात.

सकाळी कारसाठी "सोडा आणि निघा" अशी पट्टी ठेवा, गेटपासून दूर आणि डाव्या कडेला. कारला पुढं-मागं धरून सहा मीटर लागतात, म्हणजे तीस मीटरच्या पट्टीवर एका वेळी पाच कार. प्रत्येकीनं एक मिनिट घेतलं तर दहा मिनिटांत पन्नास कार मोकळ्या होतात. प्रत्येकीनं तीन मिनिटं घेतली तर अर्धा तास लागतो आणि रांग चौकापर्यंत जाते. तीन मिनिटं कशात जातात तेही मी उभं राहून बघितलं आहे: दप्तर डिकीत असतं, पाण्याची बाटली सीटखाली गेलेली असते, मग आई उतरते, मग बूट बांधायचे असतात. पालकांना एवढंच सांगा की दप्तर मुलाच्या मांडीवर ठेवा, मूल डाव्या बाजूला बसवा, डाव्या दारानंच उतरवा, आणि चालकानं सीट सोडू नये. पट्टीवर दार उघडायला एक शिक्षिका किंवा सेवक उभे असतील तर एका मिनिटाचंही अर्धं मिनिट होतं.

दुपारी कार दोनशे मीटर लांब थांबवा. दिवसा मोकळं असलेलं मंगल कार्यालयाचं वाहनतळ, देवळाचं पटांगण, सोसायटीची मोकळी जागा, महापालिकेचं मैदान, जिथं परवानगी मिळेल तिथं. परवानगी लेखी घ्या, तोंडी नको, कारण व्यवस्थापक बदलतात. तिथून गेटपर्यंतचे दोनशे मीटर लहान मुलाच्या पावलानं तीन-चार मिनिटांचे आहेत. पालक सुरुवातीला कुरकुर करतात. पण मधला रस्ता सावलीचा आणि चालण्यासारखा असेल तर महिनाभरात सवय होते. म्हणूनच लांबची जागा ठरवताना आधी मधला पदपथ चालून बघा, भर दुपारी आणि मुलाचा हात धरून.

पाचवी पायरी: चालणारी आणि सायकलवरची मुलं

ज्यांच्यामुळे गर्दी होत नाही, त्यांनाच गर्दीचा सगळ्यात जास्त धोका असतो. एकाच कॉलनीतून चालत येणारी दहा-बारा मुलं असतील तर त्यांची रांग करा, रोज एका पालकाची पाळी लावा. ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या वेळी मुलं गोळा करायची आणि शाळेपर्यंत आणायची. एक मोठं माणूस दहा मुलांना आणतं तेव्हा गेटसमोर दहा दुचाक्या कमी झालेल्या असतात.

सायकलसाठी स्टँड गेटच्या आत, वॉचमनच्या नजरेत आणि छपराखाली हवा. २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र हे महाजन बंधू नाशिकचे. त्यांच्या शहरात सातवीतल्या मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला आई घाबरते याचं मला मनापासून वाईट वाटतं. सायकलींना दुचाकींच्या पाच मिनिटं आधी सोडायला सुरुवात करा. एवढ्यानं भीती बरीच कमी होते.

सहावी पायरी: बस, व्हॅन, रिक्षा

बस पिवळी आहे का, तिला वेगनियंत्रक आहे का, मदतनीस आहे का, अग्निशामक आणि प्रथमोपचार पेटी आहे का, आपत्कालीन दार उघडतं का, योग्यता प्रमाणपत्र चालू आहे का, हे जूनमध्ये एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा स्वतः बघा. आपत्कालीन दार उघडून बघा, फक्त "आहे" असं ऐकून घेऊ नका. कागदांबाबत शंका असेल तर पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात विचारता येतं.

रिक्षा-व्हॅनच्या बाबतीत कडक व्हा, पण माणसं तोडू नका. क्षमतेपेक्षा जास्त मुलं, चालकाशेजारी बसवलेली मुलं, बाहेर लटकवलेली दप्तरं हे चालणार नाही. पण काकांनी जास्त मुलं बसवली असतील तर त्यामागं कमी भाड्याचा आग्रह धरणारे आपणच पालक असतो, हेही बैठकीत स्पष्ट बोला. प्रत्येक काकांना उभं राहायची क्रमांकाची जागा द्या आणि तोच क्रमांक मुलाच्या ओळखपत्रावर लिहा. पहिली-दुसरीच्या मुलालाही "माझी गाडी सात नंबरला" हे कळतं आणि ते गर्दीत शोधत फिरत नाही.

सातवी पायरी: दुचाकीवरचे पालक

नाशिकच्या बहुतेक शाळांत सगळ्यात मोठी संख्या हीच. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे, मागं बसलेल्या मुलालाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हे नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून शहरात "नो हेल्मेट, नो पेट्रोल" मोहीम सुरू झाली, तेव्हा मोठ्यांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. मुलांच्या डोक्यावर ते अजून क्वचितच दिसतं. मुलाच्या मापाचं हेल्मेट हवं, बाबांचं सैल हेल्मेट धडकेत निसटतं. शाळेत ते ठेवायचं कुठं, हा पालकांचा प्रश्न खरा आहे. वर्गामागं खुंट्या ठोकून द्या.

आठवी ते दहावीच्या मुलांच्या स्कूटी शाळेच्या आवारात नसतात, शेजारच्या गल्लीत असतात. शिकवणीला सोयीचं म्हणून घरूनच दिलेल्या असतात. मोटार वाहन कायद्यातलं कलम १९९ अ पालकसभेत वाचून दाखवा: अल्पवयीनानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सभेत हे वाचल्यावर शांतता पसरते. त्याच शांततेत सिटीलिंकच्या विद्यार्थी पासाची माहिती द्या, म्हणजे पालकांच्या हातात पर्यायही राहतो.

आठवी पायरी: गेटबाहेरचा रस्ता कुणाकडे मागायचा

रस्ता शाळेचा नाही. त्यावर स्वतःच्या खर्चानं सिमेंटचा गतिरोधक घालू नका. बेकायदा तर आहेच, शिवाय अरुंद उंच उंचवट्यावर दुचाकीवरून मागं बसलेलं मूल उडतं. मानकांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, त्याआधी सूचनाफलक आणि त्यावर पट्टे असतात. तो महापालिकेनंच करायचा.

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. तुमची शाळा ज्या विभागात आहे तिथल्या बांधकाम विभागाकडे झेब्रा पट्टे, फलक, गतिरोधक, पदपथ आणि पथदिव्यांचा अर्ज जातो. देवळाली कॅम्पात असाल तर छावणी परिषदेकडे. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर असाल तर आधी तो रस्ता कुणाच्या ताब्यात आहे ते विचारून घ्या, नाहीतर सहा महिने अर्ज टेबलं बदलत राहतो. पार्किंग मनाई, एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना ठराविक वेळेत बंदी हे पोलिसांचं काम आहे, म्हणजे शहर वाहतूक शाखा.

अर्ज एका पानाचा करा. वर समितीचा ठराव, मध्ये तुमच्या मोजणीचे आकडे, मागं नकाशा आणि गर्दीच्या वेळेचे दोन फोटो. मागणी मोघम नको. "वाहतुकीचा प्रश्न सोडवावा" असं लिहिलं तर कुणालाच काही करता येत नाही. "गेटच्या दोन्ही बाजूंना तीस मीटर पार्किंग मनाई, गेटपासून दहा मीटरवर झेब्रा पट्टे, दोन्ही दिशांना शाळेचा सूचनाफलक" असं लिहा. पोच घ्या, तारीख टाका, पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन भेटा. एकेरी वाहतूक मागणार असाल तर आधी पंधरा दिवसांचा प्रयोग मागा, आणि त्यामुळे वळसा कुणाच्या दारावरून जाणार आहे ते त्या लोकांना स्वतः जाऊन सांगा.

सध्या सिंहस्थाच्या तयारीमुळे रस्ते खोदले जातात, वळवले जातात. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या पर्वण्यांच्या काळात पंचवटी, रामकुंड परिसर आणि त्र्यंबक रोडकडच्या शाळांना नेहमीचं नियोजन पूर्ण बाजूला ठेवावं लागेल. वाहतूक शाखेचे बदल जाहीर झाले की त्याच दिवशी बसचालकांना नवे मार्ग लेखी द्या.

नववी पायरी: गेटवर रोज कोण उभं राहणार

चार माणसं पुरतात: दोन गेटवर, एक झेब्रा पट्ट्यांवर, एक कारच्या पट्टीवर. चमकणारी जॅकेटं, शिट्टी आणि हातात धरायचा "थांबा" फलक. स्वयंसेवक पालक वाहनचालकांना विनंती करू शकतात. वाहतूक अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, तेव्हा वाद घालायचा नाही. नंबर टिपून ठेवायचा. आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोल या शालेय पथकाची) मुलं असतील तर त्यांना कठड्याच्या आत उभं करा. गणवेश आणि शिट्टी आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलाला रस्त्याच्या मधोमध उभं करणं मला कधीच पटलं नाही, आणि कुणी आग्रह धरला तरी तुम्हीही ऐकू नका.

पालकांची पाळी महिन्यातून एकदाच येईल असं वेळापत्रक करा. उत्साहानं रोज येणारी चार माणसं दिवाळीपर्यंत थकतात.

डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत सकाळी सातची शाळा धुक्यात भरते. दप्तरांवर चमकणाऱ्या पट्ट्या शिवून घ्या, तासाभराचं काम आहे. पावसाळ्यात रेनकोटची टोपी कानांवरून पुढं येते आणि मुलाला बाजूचं दिसत नाही. रस्ता ओलांडताना टोपी मागं करायची, एवढं लहान वर्गांना रोज सांगा. पदपथ नसेल तिथं उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालायचं, आणि उभ्या गाडीच्या पुढून किंवा मागून ओलांडायचं नाही, हे मैदानावर खडूनं रस्ता आखून करून घ्या. वर्गात सांगून पाय शिकत नाहीत.

दहावी पायरी: थोडक्यात वाचलेल्यांची वही

अपघात झालाच तर १०८ ला फोन, मग ११२, मग पालक. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नं संरक्षण दिलं आहे. पोलिसांच्या भीतीनं कुणी मागं सरू नये म्हणून हे व्हॅनवाल्या काकांनाही सांगून ठेवा. कोणत्या मुलाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, आईवडिलांचा फोन लागला नाही तर कुणाला करायचा, याची यादी गेटवर आणि कार्यालयात दोन्हीकडे असू द्या.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका साध्या शंभरपानी वहीचा. त्या स्कूटीच्या प्रसंगानंतर आम्ही ती वॉचमन काकांच्या खोलीत ठेवली. काही घडलं नाही पण घडू शकलं असतं, असं जे जे दिसेल ते तिच्यात लिहायचं: तारीख, वेळ, जागा, कोणती गाडी, मूल कुठून कुठं जात होतं. नाव लिहायचं नाही, कुणाला शिक्षा करायची नाही, म्हणून लोक खरं लिहितात. पहिल्या महिन्यात एकोणीस नोंदी झाल्या आणि त्यातल्या अकरा एकाच जागच्या होत्या, गेटपासून उजवीकडे तिसऱ्या झाडापाशी, जिथं भेळवाले काका उभे राहायचे आणि मुलं रस्ता ओलांडून तिकडं धावायची. आम्ही भेळवाल्या काकांना गेटच्याच बाजूला, कठड्याच्या आतल्या कोपऱ्यात जागा दिली. पुढच्या महिन्यात त्या झाडाची एकही नोंद नव्हती.

वही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी समितीत मोठ्यानं वाचा. आणि पेन वहीला दोरीनं बांधून ठेवा, नाहीतर ते दोन दिवसांत हरवतं आणि मग कुणी लिहीत नाही.